स्लो स्पीडच्या तक्रारी आणि बिराजदार सर

वकिलाकडं आणि आमच्याकडं सुखातला माणूस कधी येत नाही. त्यामुळं किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. मी रोज ठरवते, आता कुणाला सांगायचे नाहीत. आणि रोज चहाला बसलं की सांगते!

आमचं काम काय, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही नुसत्याच माना हलवाल. युजनेट म्हणजे इंटरनेटवरचा फार जुना कट्टा. वेबसाइटी यायच्या आधीपासून लोक तिथं गप्पा मारतात, फायली टाकतात, आणि टाकलेलं वर्षानुवर्षं सर्व्हरवर पडून राहतं. ते वाचायला, उतरवून घ्यायला एक प्रोग्राम लागतो. तसला एक प्रोग्राम सोलापुरात, होटगी रोडला टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बनतो, ह्यावर आमच्या नातेवाइकांचासुद्धा विश्वास नाही. गिऱ्हाइकं जगभरची, पण तक्रार एकच: "डाउनलोड स्लो आहे!"

ते का स्लो आहे, हे शोधणारे आम्ही चौघं. मी, तेलुगू विणकरांच्या घरातला, चिडला की तेलुगूत भांडणारा श्रीनिवास, मंद्रूपहून रोज मोटरसायकलवर येणारा मल्लिनाथ, आणि आमच्या डोक्यावर बिराजदार सर.

*

सर पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले. शिस्त अशी की स्टेपलर सरळ ठेवला नाही तरी ओरडतात. त्यांचा लाडका नियम म्हणजे गिऱ्हाइकाला जे काही विचारायचं ते एकाच मेलमध्ये विचारायचं. वाय-फाय की केबल, कनेक्शन किती, डिस्कवर जागा किती, अँटीव्हायरस कुठला. सगळं एकदम!

"एकेक प्रश्न विचारून माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. आपण काय मुलगी बघायला गेलोय का?"

एकदा श्रीनिवासनं एका गिऱ्हाइकाला तीन मेल पाठवले, तर सरांनी त्याला तीन दिवस चहाला बोलावलं नाही. मेलमागं एक दिवस ह्या हिशेबानं!

हा नियम सर स्वतः फक्त एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत मोडायचे. ते गिऱ्हाईक कॅनडात राहतं. नाव निखिल बिराजदार.

*

निखिल सरांचा एकुलता एक मुलगा. प्रोग्राम मुळात त्यानंच लिहिलेला. बाप-लेक मिळून हे ऑफिस चालवायचे. एकाच टेबलावर समोरासमोर बसून भांडायचे आणि एकाच डब्यातून जेवायचे. मग त्याला कॅनडात नोकरी लागली. सोलापूर स्टेशनवर गाडी हलायला लागली तेव्हा सर म्हणाले, "जातोयस तर जा! पण फोन करून बाबा कसे आहात म्हणून विचारायचं नाही!"

पोरगा पहिल्यापासून आज्ञाधारक. त्यानं खरंच फोन केला नाही.

काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, करतो. पण सर घरात असले की काकू फोन घेऊन मागच्या गॅलरीत जातात, आणि सर टीव्हीचा आवाज बंद करून बसतात. स्वतः फोन लावणार नाहीत. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही!

चार महिन्यांनी सपोर्टला मेल आला. "डियर सपोर्ट टीम, माझा डाउनलोड स्पीड फार कमी आहे. कृपया मदत करावी." खाली निखिलचं नाव.

सर म्हणाले, "ही केस मी बघतो." आणि त्यांनी लिहिलं, "डियर कस्टमर, कॉम्प्युटर केबलनं जोडलाय की वाय-फायवर?" बास. एकच प्रश्न!

आठवड्यानं उत्तर आलं. "वाय-फायवर. राऊटर खिडकीजवळ आहे. बाहेर बर्फ आहे."

सरांचा पुढचा प्रश्न: "खिडकी नीट बंद होते का?"

*

टेंभुर्णीचे एक काका आहेत. आमचं एकमेव जवळपासचं गिऱ्हाईक. त्यांना जुन्या रेडिओंचा नाद, त्यावरचे युजनेटचे गट ते दिवसभर वाचतात. एके दिवशी फोन आला, स्पीड पार झोपलाय. मल्लिनाथनं घेतला.

"काका, राऊटर कुटं ठिवलाय?"

"लोखंडी कपाटात. नातू बटनं दाबतोय की!"

"आवो, लोखंडाच्या कपाटातनं वाय-फाय भाईर कसं येईल? काडा की भाईर!"

"किल्ली हिच्या कंबरंला हाय. आन् ही गेलीया म्हायेरी, नातेपुत्याला."

मल्लिनाथ म्हणाला, "मग काकू येईपर्यंत असंच चालायचं बगा."

काका म्हणाले, "चालू दे. तसं बी ती गेल्यापासनं घरात सगळंच हळू चाललंय."

*

श्रीनिवासकडं एक जर्मन होता. त्यानं प्रोग्रामला एकदम शंभर कनेक्शनं उघडायला लावली होती. कनेक्शनं जास्त म्हणजे स्पीड जास्त, असं त्याचं गणित. उलट सर्व्हर त्याला हाकलून लावत होता. साध्या भाषेत समजेना, तेव्हा श्रीनिवासनं लिहिलं, "माझे वडील चार माग एकटे सांभाळायचे. चाळीस दिले असते तर नुसता तुटलेला धागाच जोडत बसले असते."

जर्मन माणसानं आठ कनेक्शनं ठेवली. स्पीड आला! खूश होऊन त्यानं विचारलं, "माग म्हणजे कसा असतो? फोटो पाठवाल का?"

श्रीनिवास जेवणाच्या सुट्टीत अशोक चौकातल्या त्यांच्या शेडवर गेला आणि हात हलवत परत आला. माग भंगारात जाऊन तीन वर्षं झालेली. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, त्याच्यासमोरच टेम्पो भरला होता! मी विचारलं, मग गेलास कशाला?

"फोटो मागितला ना त्यानं," तो म्हणाला. "विसरलोच मी."

त्यानं घरातल्या चादरीचा फोटो पाठवला. त्या दिवशी तो कुणाशीच तेलुगूत भांडला नाही.

*

माझ्या वाट्याला इंग्लंडमधल्या एक आजी आल्या. त्यांचं डाउनलोड नीट येत होतं, पण डिस्क काठोकाठ भरलेली, म्हणून सगळं अडकायचं. मी ऐटीत लिहिलं, "जुन्या फायली काढून टाका, लगेच फरक पडेल."

उत्तर आलं, "त्या माझ्या नवऱ्याच्या आहेत. तो गेला. त्यातलं मला काही कळत नाही. स्लो असलं तरी चालेल."

सरांनी विचारलं, "सुटली का केस?"

मी म्हटलं, "सर, त्यांना सोडवायचीच नाहीये."

सर एरवी कावले असते. त्या दिवशी म्हणाले, "मग उघडी ठेव."

मी कीबोर्ड पुसत बसले.

*

कॅनडाची केस आठ महिने चालली. "स्वयंपाकघर आणि कॉम्प्युटरमध्ये किती अंतर आहे?" असं सरांनी विचारलं, तर उत्तर आलं, "अंतर थोडंच आहे. स्वयंपाकघर फारसं वापरत नाही." त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

मग सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस सुट्टी. मल्लिनाथ तेव्हा नवा होता. त्याला आमच्यापैकी कुणी काही सांगितलं नव्हतं, ही चूक आमची. आठ महिने लोंबलेली तक्रार बघून त्याचे हात शिवशिवले. तक्रारीसोबत प्रोग्रामचा लॉग आपोआप येतो, त्यात सगळी सेटिंग्ज दिसतात. त्यानं तो उघडला.

सर काळा चष्मा लावून परत आले, तर दारातच मल्लिनाथ! "सर, तुमची ती क्यानडाची केस म्या पाच मिन्टात सोडवली की! गड्यानं सोताच स्पीड लिमिट लावून ठिवलं हुतं. टिक काडा म्हनलं. ‘थँक्यू, सुटलं’ म्हनून उत्तर बी आलं. केस बंद!"

ती स्पीड लिमिटची चौकट प्रोग्राममध्ये घातली होती निखिलनंच. आणि ती टिक सरांनी वाचलेल्या पहिल्या दिवसाच्या लॉगमध्येही होती.

सर म्हणाले, "शाब्बास." इतक्या हळू आवाजात की मल्लिनाथ घाबरला. नंतर आम्ही त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो जिन्यात जाऊन बसला.

*

पाच आठवडे कॅनडाहून काही आलं नाही. सर वेळेवर यायचे, इनबॉक्स उघडायचे, बंद करायचे. ओरडणं थांबलं. स्टेपलर वाकडाच असायचा. आम्हाला ऑफिस नकोसं झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणाचा तरी बिघाड व्हावा.

मल्लिनाथ म्हणाला, "सर, म्या त्यास्नी मेल टाकतो. पुन्ना टिक लावा म्हनतो."

"गिऱ्हाइकाला बिघाड करून घ्यायला सांगायचं नाही," सर म्हणाले.

"मग तुमी तरी फोन लावा की!"

सरांनी पुन्हा इनबॉक्स उघडला.

मग एका सोमवारी सकाळी मल्लिनाथ इनबॉक्स उघडून ओरडलाच, "सर! क्यानडा!"

आम्ही सगळे त्याच्या खुर्चीमागं गोळा झालो. मेल असा होता: "डियर सपोर्ट टीम, तुम्ही सांगितलं तसं केलं. आता डाउनलोड फारच फास्ट होतंय. वाट बघायला काही उरतच नाही. ह्यावर उपाय सांगावा."

श्रीनिवास म्हणाला, "आता ह्याला काय कळवायचं?"

सरांनी मल्लिनाथला उठवलं, स्वतः बसले. मेल दोनदा वाचला. काळा चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा लावला.

"अवघड केस आहे," ते म्हणाले. "वर्षभर तरी सुटायची नाही."