उघडं झाकण

होलरबाख गावात बिअर बनवणाऱ्या ब्रूअरीला लागून पिण्याची खोली आहे. वाल्बुर्गा तिथे बिअरचे मग धुवायला आली ती एकोणिसाव्या वर्षी. आज ती एकाहत्तरची. काय तिचा तो प्रवेश असायचा! दोन हातांत दहा भरलेले मग घेऊन दारात उभी राहिली की चाललेल्या गप्पा आपोआप थांबत. गावाची ती बुर्गी. धर्मगुरूंपासून खाटकापर्यंत सगळ्यांना अरेतुरे करणारी, आणि रुसली तर बिअरपेक्षा कडू.

या खोलीत कुणी बिअर मागत नाही. मगावरचं कथलाचं झाकण उघडं ठेवायचं, बुर्गी येऊन भरते. पुरे झालं की झाकण मिटायचं. पण गेलं वर्षभर तिचं काहीतरी बिनसलं होतं. झाकण उघडं दिसलं की तिला धीर म्हणून निघत नसे. कुणी घोट घ्यायला उचललं तरी ती धावत येई आणि काठोकाठ भरून जाई.

"अगं, माशी पडली होती, ती काढत होतो!" म्हातारा पोस्टमन एगिड ओरडायचा.

"मग माशीसकट पी. झाकण मिटायला हात मोडले होते?"

सगळे हसायचे. ती हसत नसे. तिची नजर भिंतीवरच्या सातव्या खुंटीकडे जाई. तिथे ओटमारचा मग टांगलेला होता.

ओटमार तिचा नवरा, याच ब्रूअरीत बिअर बनवणारा. गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी सुट्टी म्हणून तो मित्रांबरोबर गिऱ्हाईक होऊन बसला होता. त्याच सकाळी, पिंपांना जागा हवी म्हणून, त्याने अंगणातलं आलुबुखाराचं झाड बुर्गीला न विचारता तोडलं होतं. तिच्या आईने लावलेलं झाड. दुपारी त्याचं झाकण उघडं होतं. बुर्गी तीनदा त्याच्यासमोरून गेली, शेजाऱ्यांचे मग भरले, त्याचा नाही भरला. शेवटी तो आपला मग उचलून स्वतःच भरून घ्यायला तळघरात गेला.

खाली बिअर आंबत असते, आणि तिच्यातून निघणारा, जीव गुदमरवणारा वायू जमिनीलगत साचतो. उतरताना पेटती मेणबत्ती गुडघ्याखाली धरायची. विझली तर मागे फिरायचं. नव्या कामगारांना हे ओटमारच शिकवायचा. त्या दिवशी तो मेणबत्तीवाचून उतरला, आणि वर आला नाही.

गावची रीत अशी, की गेलेल्या माणसाचा मग वर्षभर खुंटीवर राहतो आणि बाकावरची त्याची जागा रिकामी. वर्ष भरलं की तो मग शेवटचा भरायचा, टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाने एक घोट घ्यायचा, आणि शेवटी तो घरच्यांच्या हवाली करायचा. माणूस मोकळा झाला.

ओटमार मोकळा होणार नाही, अशी बुर्गीची खात्री होती. तिने काय केलं ते कुणालाच ठाऊक नसताना त्या घोटांना काय अर्थ? रोज पिंपाशी वाकली की पाठीमागे झाकण उघडल्याचा 'टक' असा आवाज येई. वळून पाहावं, तर सातवा मग मिटलेलाच.

वर्ष भरलं. रविवारी दुपारी चारला वेंडेलिनने, ओटमारच्या बालपणापासूनच्या मित्राने, त्याचा मग खुंटीवरून उतरवला, झाकण उघडलं आणि तिच्यापुढे धरला.

"भर ना, बुर्गी."

"नाही भरला मी."

"काय?"

"त्या दिवशी. झाकण उघडं होतं, मला दिसत होतं, मुद्दाम भरला नाही. म्हणून तो खाली गेला. आता घ्या घोट, आणि थुंका माझ्या तोंडावर."

एगिड पाइपमधली राख उगाच टोकरू लागला.

"आम्हाला ठाऊक आहे," वेंडेलिन म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"आम्ही इथेच तर बसलो होतो. तू किती वेळा टाळतेस ते मोजत होतो. त्याला डिवचलं मीच. म्हटलं, बायकोचे पाय धर, नाहीतर जा खाली आणि भरून घे. मेणबत्ती घ्यायला हात घातला होता त्याने. तर एगिड म्हणाला..."

"मी म्हणालो, मेणबत्ती म्हाताऱ्यांना लागते," एगिड पुटपुटला.

"आणि वर्षभर मला बघत राहिलात? वर हसत होतात?"

"तू आधी बोलशील, मग आपणही बोलू, असं वाटायचं," वेंडेलिन म्हणाला.

"भेकड मेले!"

"हो," एगिड म्हणाला.

बुर्गीने एप्रन सोडून फेकला. आता ही निघून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ती टेबलाला वळसा घालून आली आणि ओटमारच्या रिकाम्या जागेवर बसली.

"वेंडेलिन, आज तू भर."

"मी? मला कुठे येतं?"

"शीक."

तो पिंपाशी गेला. तोटी जेमतेम उघडली. मगात नुसता फेस, बाहीवर फेस.

"पूर्ण उघड, गाढवा! भीत भीत उघडलीस तर फेसच येणार!"

सगळ्यांच्या माना बाकाकडे वळल्या. आवाज बुर्गीचाच होता. पण 'गाढवा' म्हणताना शेवट असा लांबवायची सवय ओटमारची, आणि शब्द आला तो त्याच बाकावरून. वेंडेलिनने मागे वळून पाहिलं नाही. तोटी मात्र पूर्ण उघडली.

भरलेला मग टेबलावर आला. पहिला घोट बुर्गीने घेतला आणि तो एगिडपुढे सरकवला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, पण ओठांना लावेना.

"पी रे," बुर्गी म्हणाली. "मला एकटीला जड जातोय."