आधी नाक, मग पाना

लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या तोंडाशी देवरावचं गॅरेज होतं. कारच्या टाकीतला पेट्रोलपंप काढावा तर त्यानंच, असं लोक म्हणत आणि त्याच्या तऱ्हेवाईकपणाला शिव्याही देत. कारण गाडी आली की आधी गिऱ्हाइकाची झडती. बिडी विझव, मोबाईल दूर ठेव, टेरिकॉटचा सदरा असेल तर बाहेर बस. स्वतः तो बारा महिने सुती कपड्यांत. टेरिकॉट घासलं की ठिणगी पडते आणि टाकीला एकच पुरते, असं तो बजावून सांगे. मग गाडीचे दरवाजे सताड उघडायचे. पंपाची वीज तोडायला त्याचा रिले काढून इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची तार सोडायची. एवढं करून मागची सीट उचलली, तरी हा बाबा पाना हातात घेत नसे. खाली वाकून आधी खोल श्वास घेई. कुठं पेट्रोल गळत असेल तर नाकाला कळतंच. "आधी नाक, मग पाना," हा त्याचा कायदा.

घरी त्याच पेट्रोलच्या वासापायी बोलणी खावी लागत. "लगन माह्याशी लागलं का टाकीशी?" म्हणत सत्यशीला त्याला अंघोळीशिवाय चुलीजवळ येऊ देत नसे.

त्या साली कपाशीवर अळी अशी तुटून पडली, की जो तो पाठीवर पंप घेऊन औषध फवारत सुटला. कळंबजवळ सत्यशीलेचा भाऊ संघदीप याचं शेत. त्याला मजूर मिळेना, म्हणून देवराव मदतीला गेला. फवारता फवारता पंपाचं नोझल तुंबलं. दुसऱ्या कुणी ते काडीनं टोकरलं असतं. पण देवराव पडला मिस्त्री, कार्बोरेटरचे जेट जन्मभर तोंडानं फुंकून साफ केलेला. त्यानं नोझल ओठांना लावलं आणि जीव खाऊन फुंकलं. आत साचलेलं औषध उलटून त्याच्या नाकातोंडात गेलं.

दवाखान्यात शेजारच्या दोन खाटा त्याच्या डोळ्यांदेखत रिकाम्या झाल्या. तो मात्र जगला. सत्यशीलेनं विहारात मेणबत्ती लावली. पण मेणबत्ती विझली तेव्हा तिच्या धुराचा वास देवरावला आला नाही. त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं कसं? तेवढ्या एका नाकावर तर संसार उभा होता.

गॅरेज पुन्हा उघडलं आणि महागावचा हिरासिंग शाळेच्या पोरांची व्हॅन घेऊन आला. पंप अधूनमधून बंद पडत होता. देवरावनं सगळं रीतसर केलं. झडती घेतली, दाब उतरवला, तार सोडली. सीट उचलून सवयीनं वाकलाही. पण वाकून उपयोग काय! नळीला चीर पडून खालच्या काळ्या गालिच्यात पेट्रोल मुरलं होतं. अंधारात दिसेना, म्हणून त्यानं हातबत्तीची वायर बोर्डाकडे नेली.

तेवढ्यात डबा घेऊन आलेली सत्यशीला दारातूनच ओरडली, "अवो, थांबा! बत्ती नका लावू! पेट्रोलचा केवढा भपकारा येऊन राह्यला, तुमाले येत नाही काय?"

देवरावच्या हातातली वायर खाली पडली. हिरासिंग बाहेर चहा पीत होता, त्याला काही कळलं नाही. ती जवळ आली तेव्हा देवराव मान खाली घालून म्हणाला, "मले वासच येत नाही, सत्ते. वावरातून दवाखान्यात गेलतो, तवापासून."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त गाडी कोन आनली असती माह्याकडे?"

ती रडली नाही. तिला भयंकर राग आला होता, त्याचा आणि त्या नोझलचा. पण दुसऱ्या दिवसापासून सुती लुगडं नेसून ती गॅरेजात येऊ लागली. सीट उचलली की ती वाकायची, हुंगायची आणि मान हलवायची. मगच तो पाना उचलायचा. "मिस्तरीन ठेवली काय रे?" म्हणून हिरासिंग चिडवायचा. दोघंही हसून वेळ मारून नेत.

एका संध्याकाळी घरी ती भाकरी थापत होती. देवराव मागून आला आणि तिचा पदर नाकाशी धरून त्यानं डोळे मिटले.

"येते काय वास?" तिनं विचारलं.

"येते ना," तो हसून म्हणाला. "पेट्रोलचा. आता मी मनतो, अंघोळ करून ये."

सत्यशीला नुकतीच न्हाऊन आली होती. लुगडं धुतलेलं होतं आणि केसांना शिकेकाईचा वास होता. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिनं ती उलटली नाही. देवराव तसाच पदर धरून उभा होता.