अर्ध्या डावाचा जीपवाला

कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर आमचा जीपवाला ओमाहा नावाचा पत्त्यांचा जुगार खेळतो. त्यात डाव, म्हणजे लावलेला सगळा माल, अर्धा मोठी पानं असणाऱ्याला अन् अर्धा छोटी पानं असणाऱ्याला जातो. प्रत्येक पानावर फुंकर मारायची त्याला खोड.

आज जीपमध्ये माझी आई तापानं फणफणलेली, अन् यानं डावात जीपची चावी टाकली! समोरच्या एकट्या गड्यानं ट्रॅक्टरची टाकली. त्याची छोटी पानं पक्की होती. याला मोठ्या पानांचा अर्धा डाव मारायला एक पान हवं होतं.

मी ओरडलो, "लेका, पान आलं तरी अर्धाच डाव. तुझीच चावी तुला! काहून खेळून राहिला?"

"थांबा ना भाऊ, पान येऊन राहिलं."

आलं! चावी नाचवत तो ओरडला, "जिंकलो!"

"काय जिंकला रे तो?" जीपमधून आईनं क्षीण आवाजात विचारलं.

"त्याचीच जीप, माय," मी दातओठ खात म्हणालो.