देव बघणार नाही अशी जागा

दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरींना कांजीची खळ लावून इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळ्या जणी कांजीबाई म्हणत. चादरीसारखाच हिचा कणाही कडक, अशी त्यांची थट्टा. नवरा गेला तेव्हा त्याचा शेवटचा शब्द होता, पोरीला प्रभूच्या वाटेवर ठेव. त्या दिवसापासून बाईच्या पोटात भीती बसली ती उठलीच नाही. लेकरू वाट चुकलं तर वर गेल्यावर नवऱ्याला काय तोंड दाखवणार?

पोर आठ वर्षांची. रविवारी तिने बायबलचं वचन पाठ झालं म्हणून सांगितलं आणि चर्चच्या वर्गात उभी राहिली तर शब्द फुटेना. घरी आल्यावर आईने हात उगारला नाही, पण म्हणाली, "माझ्यापासून लपवशील. देव सगळं बघतो. खोटं बोलणाऱ्याला तो सोडत नाही."

पोरीने दोन दिवस धड खाल्लं नाही. आईला वाटलं, बरं झालं, मनाला लागलं.

मंगळवारी दुपारी शेजारीण धापा टाकत लॉन्ड्रीत आली. शाळा कधीच सुटली होती, पोर घरी पोचली नव्हती. इस्त्री बंद करून कांजीबाई तशीच धावत सुटली. शाळा, वाण्याचं दुकान, पुलाखालचं पाणी, सगळीकडे पाहून झालं. शेवटी ती चर्चमध्ये पोचली. पाळकांच्या बायकोला एकदम आठवलं, काल पोर विचारत होती, देव बघणार नाही अशी जागा असते का? त्यांनी हसून नाही म्हटलं होतं.

कांजीबाई लॉन्ड्रीकडे पळाली. पोर एकदा तिला म्हणाली होती, तुमच्या लॉन्ड्रीमागच्या सुकवणीच्या खोलीत वाफेने आपलाच हात आपल्याला दिसत नाही. त्या खोलीचं दार बाहेरून लागायचं, आणि तीन वाजता गरम हवा सुरू व्हायची.

तीनला पाच मिनिटं कमी होती.

ती तिथे कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. लॉन्ड्रीची मुकादमीण दाराला कडी घालून बटणाकडे वळत होती. कांजीबाईने तिला बाजूला ढकललं, कडी काढली आणि ओल्या चादरी हातांनी बाजूला ओढत आत शिरली. कोपऱ्यात पोर अंगाची जुडी करून, दप्तर छातीशी धरून बसली होती. आईला बघून ती आणखीच आक्रसली.

"देव अजून रागावलाय?" तिने विचारलं.

आईबापांनी लेकरांना चिडीला आणू नये, खचवू नये, हे शास्त्रात लिहिलेलं कांजीबाईने कितीदा वाचलं होतं. तिथेच ओल्या फरशीवर तिने बसकण मारली.

"देव नव्हता गं रागावला. मी रागावले होते, आणि नाव त्याचं घेतलं."

पोर हळूच सरकून आईच्या कुशीत शिरली. दाराशी मुकादमीण अजून उभी होती. ते बटण त्या दिवशी कुणीच दाबलं नाही.

पुढे प्रार्थना रोज होत राहिली, वचनंही. मात्र पोर अडली की आईही पुस्तक उघडून तिच्यासोबत वाचू लागली. भीती गेली असं नाही. पोरीला यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी कांजीबाईच्या इस्त्रीखाली चादर करपते.