वेणेकाठची दवंडी

हिंगणघाटच्या वरच्या अंगाला, वेणा नदीच्या काठी आमच्या कंपनीचा कॅम्प होता. काम पुलाचं. मी नर्सिंग ऑर्डर्ली, लान्स नायक. बाहीवर फीत एकच, रुबाब मात्र सुभेदाराचा. घरची पोरं लढाईची गोष्ट मागतात. पोरांनो, मी लढलो तो वायरलेसशी.

उन्हाळा होता. एका सकाळी सिपाही बळीरामला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे. कॉलरा. मी सलाइन लावलं. असा रोग दिसला की आरोग्य खात्याला लगेच कळवायचं, हा नियम. खालच्या अंगाला गाव होतं आणि ते हेच पाणी पीत होतं.

सुभेदारसाहेब म्हणाले, "सिव्हिल को सीधा नहीं बताएँगे. चॅनेल से जाएगा."

मी वायरलेसवर बसलो. पलीकडे हेडक्वार्टर.

"कॉलरा, एक केस. सिव्हिलला कळवा. ओव्हर."

"केस कन्फर्म आहे? ओव्हर."

"लॅब तुमच्याकडे आहे. ओव्हर."

"मग सॅम्पल पाठवा. कन्फर्म झाल्यावर कळवू. आउट."

औषधं आणायच्या निमित्तानं सायकल काढली आणि सरकारी दवाखाना गाठला. कंपाउंडर म्हणाला, "पेशंट मिलिटरीचा ना? मंग मिलिटरीनंच कळवाव. आमाले काऊन गोवता?"

मी त्याला सॅल्यूट ठोकला. का, ते मलाही कळलं नाही.

परतताना गावात कोतवाल गोमाजी भेटला. पाटील लग्नाला वर्ध्याला गेलेले.

"दवंडी दे. नदीचं पाणी पिऊ नका म्हणावं."

"पाटलाच्या हुकमाबिगर? माही नोकरी जाईन, भाऊ."

"साथ आली तर लेकरं जातील."

त्यानं डफडं गळ्यात अडकवलं.

दवंडी ऐकून घागरी घेऊन निघालेल्या बाया हसल्या. "फौजीयले पोहाले नदी पाहिजे, म्हणून आमच्या घागरी बंद काय?"

गोमाजीनं डफडं उतरवलं. घाटाच्या पायवाटेवर आडवा झोपला. "जा, मले ओलांडून जा." जित्या माणसाला कोण ओलांडणार? शिव्या देत बाया मळ्यातल्या विहिरीकडे वळल्या.

सांजेला तो उठेना. इतके दिवस तोही नदीचंच पाणी पीत आला होता. उरलेलं सलाइन लावलं. पुरलं नाही.

बळीराम वाचला. गावात दुसरं कोणी दगावलं नाही. चॅनेलनं कन्फर्मेशन आलं, तेव्हा गोमाजीचा तिसरा दिवस उरकला होता.

युनिटच्या मेळाव्यात गेलेल्यांची नावं घेतात. शेवटी मी गोमाजीचं घेतो. कोणी विचारतंच, "कोणत्या कंपनीचा?"

मी म्हणतो, "आपल्याच. हुकमाविना पुढं गेलेला तो एकटाच."