कच्च्या टाक्यांचा कोट

टेलरचाचा कुठलंही कापड हातात आलं की आधी ते भिजवायचे. गिऱ्हाईक समोर उभं, त्यानं कौतुकानं आणलेला पीस काउंटरवर, आणि चाचा तांब्यात बोटं बुडवून त्या पीसचा एक कोपरा ओला करत. मग तो कोपरा स्वतःच्या मनगटावर ठेवून टेबलफॅनसमोर डोळे मिटून बसत. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मिनिटभरानं डोळे उघडून ते निकाल देत, "लग्नात घाल. कामाला नको." सानपाड्याच्या आमच्या सेक्टरात आणखी दोन टेलर होते, ते असले उद्योग करत नसत. तरी गर्दी चाचांकडेच असे.

चाचा मुरुडकडचे. उमेदीची पंचवीस वर्षं त्यांनी जहाजाच्या इंजनखात्यात काढली. ताडपत्रीपासून कॅप्टनच्या पँटपर्यंत सगळं शिवायला ते तिथेच शिकले. खाली इंजनापाशी भट्टीची धग आणि शिडी चढून वर आलं की डेकवर बर्फ, असं आयुष्य. "थंडीनं मानूस नाय मरत," ते सांगत, "अंगातल्या घामानं मरतो. घाम आत थंड झाला का खेल खलास." हे ते इतक्यांदा सांगत की लग्नाच्या सुटाचं माप द्यायला आलेल्या नवऱ्या मुलालाही मुकाट ऐकून घ्यावं लागे.

आता नवी मुंबईकरांना थंडी काय कळणार? पारा जरा खाली सरकला की आमच्या सोसायटीतले काका कानटोप्या घालून दूध आणायला निघत आणि जिन्यात भेटले की "काय गारठा पडलाय!" म्हणत हात चोळत. त्याच तालमीत वाढलेली मी सतराव्या वर्षी डिसेंबरात नाशिकला क्रॉस-कंट्री पळायला गेले, ती आईनं विणलेला स्वेटर, वर ट्रॅकसूट आणि त्यावर कानटोपी अशा थाटात. दुसऱ्या किलोमीटरला आतल्या आत आंघोळ झाली. स्वेटर काढून कमरेला बांधला, तर वाऱ्यानं ओल्या पाठीचं लाकूड केलं. पोटात कळ आली. उरलेलं अंतर मी चालत संपवलं आणि शेवटून दुसरी आले.

बाबा रागावले नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं. शांतपणे म्हणाले, "आणखी एक मोठी शर्यत पळ. नंबर आला तर पुढे बघू. नाही आला तर बूट माळ्यावर." बाबा एकदा बोलले की बोलले. वर्षभरानंतर जानेवारीत उत्तरेकडे होणाऱ्या देशपातळीवरच्या शर्यतीसाठी माझी निवड झाली, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला बाबांची अट आठवली. हीच ती शर्यत. आईनं आणखी जाड स्वेटर विणून ठेवला आणि त्याच्या बाह्या आखूड करून घ्यायला मी तो चाचांकडे नेला.

"ह्यो घालून पलनार तू?"

"तिकडे खूप थंडी असते, चाचा."

"कवा? निघताना का पोचताना?"

चाचांनी स्वेटरची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "निघताना दात वाजले पायजेत. निघतानाच बरं वाटलं, तर समज का कपडे जास्ती झाले. ह्यो येताना गाडीत घाल."

त्या दिवसापासून चाचांनी माझी शर्यत स्वतःवर घेतली. मी रोज सकाळी खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यानं पळायला निघे, तेव्हा चाचा दुकानापुढे उभे राहून वेगवेगळ्या कापडांचे सदरे घालायला देत. हे गरम, ते चिकटतं, ह्याला वारा लागतो, अशी परतल्यावर आमची चर्चा चाले. शेवटी त्यांनी अंगाला लागून घालायला निवडली ती पुरुषांची जाळीची बनियन. मी लाजेनं मान खाली घातली. आई तर तावातावानं दुकानात गेली. "मुलीच्या जातीला हे काय, चाचा?"

"वैनी, थंडी बाई-पुरुस बघत नाय," चाचा म्हणाले. "जालीत हवा ऱ्हाते, घाम अंगाला चिकटत नाय. आमी बोटीवर ह्येच घालत होतो." मग त्यांनी ती बनियन माझ्या मापानं आवळून दिली. तिच्यावर एक पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात जुने पायमोजे आणि बास. मला हे कपडे बघूनच हुडहुडी भरे.

पण खरा प्रश्न शर्यत सुरू व्हायच्या आधीचा होता. तिथे कितीही वेळ उभं राहावं लागतं, आणि उभ्या माणसाला ऊब लागतेच. त्यावर चाचांनी दुकानातल्या चिंध्यांचा एक जाडजूड कोट शिवला. पुढून, बाजूंनी आणि बाह्यांना पक्की शिलाई नाही, नुसते कच्चे टाके. गळ्याशी दोऱ्याचं टोक लोंबत ठेवलेलं. ते ओढलं की अख्खा कोट केळ्याच्या सालीसारखा गळून पडायचा. दुकानासमोर आम्ही त्याच्या तालमी केल्या. दर वेळी चाचा तो पुन्हा टाचून द्यायचे आणि शेजारचा पानवाला पोट धरून हसायचा. माझा मात्र त्या कोटावर हळूहळू जीव जडला.

शर्यतीच्या सकाळी धुकं इतकं की समोरचं झाड दिसेना. सुरुवात लांबत गेली. सगळ्याजणी उड्या मारत होत्या आणि मी रंगीबेरंगी गोधडीसारखी उबेत उभी. लोक हसले, हसू दे. तयार राहायचा इशारा झाला, आणि माझ्या बोटांना दोरा सापडेना! मोज्यातली बोटं बधिर झाली होती. शेजारी उभ्या असलेल्या पंजाबच्या मुलीनं ते बघितलं, "ये क्या है, बहन?" म्हणत टोक धरून खेचलं, आणि कोट माझ्या पायाशी. पुढे तीच पहिली आली.

पहिला किलोमीटर मी चाचांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. दात वाजत होते, कान दुखत होते. दुसऱ्याला अंग जागं झालं. तिसऱ्याला माझ्या पुढच्या मुली पळता पळता चेन उघडू लागल्या, जॅकेट कमरेला बांधू लागल्या. वर्षापूर्वीची मीच मला जागोजागी दिसत होती. मी कोरडी होते, हलकी होते. एकेकीला मागे टाकत गेले आणि प्रत्येक वेळी मला हसू फुटत होतं. इतका आनंद पळताना मला आधी कधी झाला नव्हता.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मयतीला बाबांनी खांदा दिला. मला चाचा आठवतात ते मात्र त्या दिवशीच्या फोनवरचे. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून निकाल त्यांच्या दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर कळवायचा ठरला होता.

"चाचा, तिसरी आले."

पलीकडे एकच गलका. "पयली आली रे! आपली पोर पयली आली!"

"चाचा, तिसरी म्हटलं."

"म्होरल्या दोगी कुटल्या?"

"इकडच्याच."

"मग थंडी त्यांच्या घरची. आपल्यात तू पयलीच." माझा हुंदका त्यांना ऐकू गेला असावा. "अगो, वल्या अंगानं रडू नको. आदी कोरडं घाल, मंग रड."

मग रिसीव्हर खडखडला. ऑफिसला दांडी मारून बाबा सकाळपासून चाचांच्या बाकड्यावर बसून होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी घसा खाकरला.

"पुढची शर्यत कधी आहे?" बाबांनी विचारलं.