खासदाराचं एक 'नाही'

आमच्या खासदाराइतका हो म्हणणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुढे कुणी होईल असं मला वाटत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही परीक्षेला न बसता, पण माणसं मला वाचता येतात, आणि हा माणूस मी पाटीवर मुळाक्षरं गिरवायच्या वयापासून वाचत आलो. शाळेत तो माझ्या शेजारी बसायचा. मास्तर विचारायचे, "समजलं का?" आम्ही सगळे खाली बघायचो. हा एकटा "हो" म्हणायचा, आणि मग गणित सोडवायला फळ्यापाशी त्यालाच जावं लागायचं. ते काही सुटायचं नाही. छडी खाऊन जागेवर आला की मी विचारायचो, "कशाला म्हटलास?" तो म्हणायचा, "मास्तरांना बरं वाटतं." पुढे तो स्वतः मास्तर झाला, मग पुढारी, आणि नव्वद सालाच्या पुढे दोनदा निवडून दिल्लीला गेला. नाशिकात इंदिरानगरला त्याने घर बांधलं, पंख्याखाली झोपायला लागला, पण दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणायची खोड तीच राहिली.

दिल्लीत तर त्या खोडीला सरकारी मान्यताच मिळाली. तिथे म्हणे पक्षाचा कागद येतो, हो म्हणायचं की नाही ते त्यात लिहिलेलं असतं, आणि फारच महत्त्वाचं असेल तर त्याच्या खाली तीन रेघा मारलेल्या असतात. त्याला व्हिप म्हणतात. मी विचारलं, "व्हिप म्हंजे काय रे?" तो म्हणाला, "चाबूक." मी म्हटलं, "आन् बैल कोण?" यावर तो तोंडभर हसला. रागवायचं त्याला कधी जमलंच नाही. इतर खासदार गावात आले की समाजमंदिर द्यायचे, रस्ता द्यायचे, निदान फीत तरी कापायचे. हा पोस्टकार्ड पाठवायचा. प्रत्येक विधेयकाचं एक कार्ड, प्रत्येक गावाला. आमच्या गावचं कार्ड दूध डेअरीच्या पत्त्यावर यायचं. डेअरीचा सेक्रेटरी सकाळी कॅन रिकामे होईस्तोवर ते मोठ्याने वाचायचा. कार्डात अमुक कायदा आला, त्याचा आपल्याला फायदा असा, तोटा असा, इतकं सगळं चोख लिहिलेलं असायचं. माणूस मास्तर होता, खोटं लिहीत नव्हता. कधी कधी फायदा एक ओळ आणि तोटा पाठपोट असायचा. पण शेवट ठरलेला, "तरी मी हो म्हणालो. कळावे." सेक्रेटरी "तरी" एवढं म्हणायचा आणि पुढचं सगळी डेअरी एका सुरात म्हणायची, आरतीचं शेवटचं कडवं म्हणावं तशी.

घरात त्याने संसद भरवली होती. जेवायला कढी की आमटी, यावर मतदान व्हायचं. "बाजूने असतील त्यांनी हो म्हणावं," असं तो पाटावर बसून गंभीरपणे म्हणायचा. एकदा मी समोर जेवायला होतो. वहिनी हातात पळी घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, तिकडं पाचशे जण असतात. इथं आम्ही दोघं. सारखी मतं पडली तर काय करायचं, विचारा तुमच्या मित्राला." तो म्हणाला, "मग अध्यक्षाचं मत चालतं." "अध्यक्ष कोण?" "कोण म्हणजे, ज्याच्या हातात पळी तो." कढी झाली. त्याला आमटी हवी होती, हे मला ठाऊक होतं, पण तो दोन वाट्या कढी प्यायला आणि छान झालीय म्हणाला.

आणखी एक खोड होती आणि तीच पुढे नडली. घंटा ऐकली की त्याचे हात जुळायचे आणि डोळे मिटायचे. लहानपणी त्यांचं घर मारुतीच्या देवळाला लागून होतं, आई प्रत्येक घंटेला हात जोडायला लावायची, ते अंगात भिनलं. शाळेची घंटा झाली की पोरं पळायची आणि हा मास्तर हात जोडून उभा. एकदा आम्ही सायकलवर पंचवटीत चाललो होतो. तो चालवत होता, मी मागे कॅरिअरवर. गल्लीतून कुल्फीवाल्याची घंटा वाजली आणि याने दोन्ही हात सोडून नमस्कार केला. आम्ही दोघं कोथिंबिरीच्या जुड्यांवर. भाजीवाली म्हणाली, "देव दिसला का रं बाबा तुला?" हा कोथिंबीर झटकत म्हणाला, "घंटा वाजली, बाई." तिने माझ्याकडे बघितलं आणि एकटीच जुड्या गोळा करायला लागली.

आता मूळ गोष्ट. त्याच्या दुसऱ्या खेपेला दिल्लीत एक विधेयक आलं. शेतकऱ्याला नीट न विचारता त्याची जमीन कारखान्याला आणि रस्त्याला घेता यावी, असा त्याचा मतलब होता. आमचं गाव शहराला चिकटलेलं, शहर आमच्याकडेच वाढत होतं, म्हणजे पहिला नंबर आमचाच. मारुतीच्या देवळात सभा झाली. माझा चुलतभाऊ उठला आणि म्हणाला, "कार्ड येईलच आता. तरी मी हो म्हणालो." सगळे हसले. मला ते लागलं. माझा मित्र, माझ्या तोंडावर हसतात म्हणजे काय? मी दुसऱ्या दिवशी इंदिरानगर गाठलं. त्याला म्हटलं, "आजवर हो म्हणालास, मी एक शब्द बोललो नाय. यावेळी नाही म्हण."  तो म्हणाला, "तीन रेघांचा कागद आलाय. विरोधात गेलो तर खासदारकी जाते, कायदाच आहे तसा." मी म्हटलं, "जाऊ दे. जमीन गेल्यावर आम्ही काय करायचं ते सांग." तो उठला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "म्हणतो नाही." मी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाला. मी संध्याकाळी देवळात येऊन सांगितलं, तो नाही म्हणणार, माझा शब्द. मी शब्द उगाच देत नाही, हे गावाला माहीत आहे. चुलतभाऊ म्हणाला, "अण्णा, बघू." मी म्हटलं, "बघ."

विधेयक मंजूर झालं, ते रेडिओवर ऐकलं. एका मताने काही अडणार नव्हतं, तेवढं आम्हालाही कळत होतं. आम्हाला हवं होतं ते त्याचं मत. पण कार्ड आलं नाही. आठवड्याने सेक्रेटरीने कुठून तरी मतदानाची छापील यादी पैदा केली. हो म्हणणाऱ्यांत त्याचं नाव नाही, नाही म्हणणाऱ्यांतही नाही. डेअरीतले लोक यादीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

तो स्वतःच आला. देवळात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि सांगितलं. तिथे बाकावर बटणं असतात, हो, नाही आणि तटस्थाचं मधलं. एका हाताने त्यातलं एक दाबायचं, दुसऱ्या हाताने आणखी एक कळ धरायची, पहिली घंटा झाली की दुसरी होईपर्यंत दोन्ही सोडायचं नाही. याची खोड ठाऊक असल्यामुळे शेजारचे बिहारचे खासदार दरवेळी याचा कोपर दाबून धरायचे. त्या दिवशी हाताला दुसऱ्याच बटणाकडे जायचं होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून याने आधीच सांगून ठेवलं, आज राहू द्या. घंटा झाली. हात जुळले. डोळे उघडले तेव्हा दुसरी घंटा होऊन गेली होती. देवळात आधी कोणीतरी हसलं, मग सगळे हसले. हा माणूस तसा होताच. हसता हसता लोकांनी त्याला चहा पाजला. पक्षानेही म्हणे ते ऐकून माफ केलं, पण पुढच्या वेळी तिकीट दिलं नाही. गावाच्या तीन बाजूंची जमीन गेली. माझी अर्धी द्राक्षबाग त्यात गेली, तिथून आता रस्ता जातो.

हसणं ओसरल्यावर लोक बोलायला लागले. चुलतभाऊ म्हणाला, "घंटा बिंटा काय नाय. घाबरला तो." मी त्याला उभा आडवा घेतला. म्हटलं, मी त्याच्याबरोबर कोथिंबिरीत पडलोय, तू नाही. तो म्हणाला, "पडा तुम्ही." त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. सख्ख्यासारखा भाऊ, बांधाला बांध लागून, पण त्याच्या मुलीच्या लग्नाला मी मांडवात उभा राहून अक्षता टाकल्या आणि न जेवता आलो. लोक म्हणाले, कशाला ताणता? मी माझा शब्द दिला होता. तो खरा ठेवायचा तर घंटा खरी ठेवायला हवी होती. चहाच्या टपरीवर, एसटीत, जिथे विषय निघेल तिथे मी घंटेसाठी भांडलो. हे बरीच वर्षं चाललं.

मग खासदार आजारी पडला. हृदयाचं दुखणं. मी एक दिवसाआड सिटी बसने इंदिरानगरला जायचो. वहिनी चहा ठेवायच्या, आम्ही गप्प बसायचो, त्यातच बरं वाटायचं. एक दिवस तो म्हणाला, "तू भावाशी बोलत नाहीस म्हणे." मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "ते राहू दे. घंटा खरी होती. हातही जुळले. पण यंत्रात मत चुकलं तर तिथे चिठ्ठी देतात. हिरवी म्हणजे हो, तांबडी म्हणजे नाही. तिथला माणूस चिठ्ठ्या घेऊन माझ्यापाशी आला. म्हणाला, सर, आपका वोट नहीं आया. मी तांबडी हातात घेतली. नाव लिहिलं. सही करायची राहिली होती." मी कप हातात घेतला. "मग त्याला म्हटलं, रहने दो," तो म्हणाला. "एवढं देवाने वाचवलंय, असं मनात आलं."

मी चहा प्यायलो. रागवायला हवं होतं, पण समोर उशांना टेकून बसलेला माणूस बघून राग काही येईना. मी एवढंच विचारलं, "मला आता कशाला सांगतोस?" तो म्हणाला, "तू चुकीच्या बाजूने भांडतोयस म्हणून. मी असेपर्यंत नको, पण नंतर गावात सांग." मी म्हटलं, "सांगतो." त्याला हो म्हणण्याची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

तो गेला त्याला तेरा दिवस झाल्यावर मी चुलतभावाच्या ओट्यावर गेलो. माझ्या जन्मात मी कोणाच्या दारात असं सांगायला गेलो नव्हतो. तो कांदे निवडत होता. मी उभ्यानेच सांगितलं, "तू म्हणत होतास ते खरं होतं." चिठ्ठीचं सगळं सांगितलं. तो हातातला कांदा खाली ठेवून म्हणाला, "बसा अण्णा. मला कुठं ठावं होतं? तुम्ही चिडता म्हणून म्हणायचो मी. मनातनं मलाबी घंटाच खरी वाटत व्हती." मी बसलो. बराच वेळ आम्ही दोघं कांदे निवडत राहिलो, सडका इकडे, बरा तिकडे. मग त्याने मान वर न करता विचारलं, "तांबडी हातात घेतली व्हती ना पण?"

"घेतली होती. नाव लिहिलं होतं."

"मग एवढं तरी आपल्यासाठी केलं म्हणायचं," तो म्हणाला, आणि जेवायला चला म्हणून उठला.